खरखरीच्या तळाशी

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी वाईच्या आमच्या घरातली लाइट गेली आणि अण्णांचा ट्रान्झिस्टर एकाएकी स्वच्छ बोलू लागला. मी स्वयंपाकघरात फळीवर मेणबत्ती चाचपत होतो. बाहेर वारा सुटला होता, पागोळ्यांच्या पत्र्यावर पहिले टपोरे थेंब पडत होते, आणि अशात पुढच्या खोलीतून कोणा कृषितज्ज्ञाचा आवाज आला, तो इतका जवळून, की गृहस्थ आमच्या खिडकीतच येऊन बसले आहेत असे वाटावे. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ. हळदीचे बेणे लावणीआधी बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून ठेवावे, असे ते सांगत होते. मी मेणबत्ती तशीच हातात धरून ऐकत राहिलो. किती वर्षांनी मध्यम लहरींवरचा असा निखळ, भरीव, किंचित खर्जातला आवाज कानी पडत होता. बेणे किती वेळ बुडवायचे, हे ते सांगणार एवढ्यात लाइट आली, आणि हळदीचे बेणे, कृषितज्ज्ञ आणि पुणे केंद्र असे सगळेच पुन्हा खरखरीत बुडाले. मी पुढच्या खोलीत गेलो तेव्हा अण्णा खुर्चीत होते तसेच बसलेले होते. "अर्धा तास," ते म्हणाले. "अर्धा तास बुडवून ठेवायचं म्हणतायत."

मला त्या खरखरीतून एक अक्षरही ऐकू आले नव्हते.

अण्णांचे वय त्या वेळी ८४ होते. त्यांना ऐकू कमी येते, हे घरात सर्वांनी कधीच गृहीत धरले होते. श्रवणयंत्र आणले होते, पण ते टेबलाच्या खणात पडून असे, कारण ते कानाला लावले की माणसांच्या बोलण्यापेक्षा ताटवाट्यांचे आवाजच जास्त मोठे येतात, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही काही विचारले की ते "हो" म्हणत. चहा हवा का, हो. औषध घेतले का, हो. बाहेर कोण आले आहे, हो. त्यामुळे रोज संध्याकाळी ते रेडिओपाशी बसतात ते ऐकण्यासाठी नव्हे, जुन्या सवयीने, असा माझा समज झालेला होता. त्यातून ट्रान्झिस्टर खिडकीच्या कठड्यावर नेहमी तिरपा ठेवलेला असे, एक कोपरा भिंतीला टेकलेला आणि दुसरा कठड्याबाहेर आलेला. जाता-येता मी तो सरळ करून ठेवी. पुन्हा पाहावे तर तिरपाच. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला कंप असतो, असे म्हणून मी त्याचाही विचार सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो ट्रान्झिस्टर उचलला आणि घरभर हिंडलो. आकाशवाणीचे प्रक्षेपणच आता दुबळे झाले आहे, असे मी चारचौघांत ठामपणे सांगत आलो होतो. ते मत एका संध्याकाळीत मोडीत निघाले होते. प्रक्षेपण होते तिथेच होते आणि होते तेवढेच होते. आवाज वाढला होता तो आमच्या घराचा. मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा डबा, वायफायचा डबा, एलईडीचे दिवे, या सर्वांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली आणि जोडली जाते, आणि त्या प्रत्येक तोडजोडीतून बारीकशा लहरी उठून घरातल्या तारांवरून सर्वत्र पसरतात. चांगल्या बनावटीच्या वस्तूत त्या अडवण्यासाठी गुंडाळ्या आणि कपॅसिटर घातलेले असतात. स्वस्त वस्तूत सर्वांत आधी तेच गाळले जातात. ट्रान्झिस्टर जवळ नेला की प्रत्येकाचा सूर वेगळा लागे. चार्जरची बारीक शिट्टी, टीव्हीच्या डब्याची गुरगुर, स्वयंपाकघरातल्या दिव्याची तळणीसारखी चरचर. सर्वांत मोठा गुन्हेगार मात्र देवघरात सापडला. दिवाळीत ताईने आणलेली छोट्या दिव्यांची माळ आईने नंतर काढूच दिली नव्हती. तिच्या अडॅप्टरजवळ ट्रान्झिस्टर नेला आणि हजारभर रातकिडे एकदम ओरडावेत तसा कल्लोळ झाला. आईने जपाची माळ थांबवून माझ्याकडे पाहिले.

त्याच फेरीत अण्णांच्या तिरपेपणाचाही उलगडा झाला. अशा ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची काळी कांडी असते आणि तिच्यावर केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. मध्यम लहरींसाठी तीच एरियल. ती कांडी येणाऱ्या लहरींना आडवी धरली की आवाज भरघोस येतो आणि तिचे टोक उगमाकडे वळवले की तो जवळजवळ नाहीसा होतो. केंद्र शोधताना आपण आवाज कुठे मोठा होतो ते पाहतो. जाणता माणूस उलटे करतो. नको असलेला आवाज कुठे बुडतो ते तो शोधतो. आवाजाचे बटण पिळून काहीही साधत नाही, कारण बटणाला निवेदक आणि रातकिडे यांच्यातला भेद कळत नाही, ते दोघांनाही सारखेच मोठे करते. अण्णांनी ट्रान्झिस्टर ज्या कोनात ठेवला होता त्या कोनात त्याच्या कांडीचे टोक बरोबर देवघराकडे होते. मी दोन वर्षे जाता-येता ते बिघडवत होतो, आणि ते काही न बोलता पुन्हा नीट करत होते.

हे त्यांना कोणी शिकवले असे नाही. ते आमच्या जुन्या घरातल्या मर्फीपाशी शिकले. तो व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आधी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसे, मग तापलेल्या धुळीचा वास येई, मग काचेमागचा हिरवा डोळा उघडे, आणि मग कुठूनतरी खोलातून आवाज वर येई. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली होती, ती एरियल. अर्थिंगची तार मागच्या दारातून अंगणात नेऊन तुळशीवृंदावनाच्या बुडाशी पुरलेली होती. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते, म्हणून तिथली माती बारमाही ओली राहते आणि ओली माती वीज चांगली ओढते, असा त्यामागचा अण्णांचा हिशेब. त्यामुळे आईच्या पूजेवर आमच्या घरात रेडिओ चालतो, असे आम्ही पाहुण्यांना गमतीने सांगत असू. ते अगदी खोटे नव्हते. उन्हाळ्यात आई माहेरी गेली आणि तुळस सुकू लागली की लघुलहरींवरची दूरची केंद्रे खरोखरच मंद होत.

लघुलहरींची रात्र ही एक वेगळीच वस्ती होती. काटा ३१ मीटरवरून ४१ मीटरकडे नेताना बोटभर अंतरात दहा-दहा भाषा लागत. सिलोन तर शेजारच्या आळीत असल्यासारखे लागे. पण दूरची केंद्रे येत, मोठी होत, विरत, पुन्हा येत. आकाशात कोणीतरी झोपाळ्यावर बसून बोलते आहे असे वाटे. आयनांबर नावाचा विद्युतभारित थर त्या लहरी परत जमिनीकडे वळवतो, आणि हा थर हलता असतो, म्हणून आवाजही हेलकावतो, हे मी नंतर शिकलो. अण्णांना त्यातली विरणारी केंद्रेच अधिक प्रिय होती. ते पहाटे उठून परदेशी केंद्रांसाठी अहवाल लिहीत. त्या अहवालाला ठरलेली पद्धत होती. संदेशाचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, वातावरणातली खरखर, आवाजाचे हेलकावणे आणि एकूण दर्जा, असे पाच अंक, प्रत्येक १ ते ५ मधला. पण नुसत्या अंकांवर कोणी विश्वास ठेवत नसे. अमुक वाजून अमुक मिनिटांनी पुरुषाचा आवाज, नंतर वाद्य, नंतर अमुक शब्द, असे तपशील द्यावे लागत. केंद्रवाले ते आपल्या नोंदवहीशी ताडून पाहत आणि पटले तर पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवीत.

१९८२ च्या थंडीत अण्णा क्विटोच्या मागे होते. इक्वाडोरची राजधानी, पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला. तिथले एचसीजेबी हे केंद्र आमच्याकडे पहाटे लागण्याची शक्यता असते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. एका पहाटे त्यांनी मला हलवून उठवले. मी नऊ वर्षांचा होतो. शालीत गुंडाळून त्यांनी मला रेडिओसमोर बसवले आणि जाळीच्या कापडाशी माझा कान नेला. आत समुद्रासारखी खरखर होती. "त्याच्या खाली ऐक," अण्णा कुजबुजले. "वर नको, खाली. बाई बोलतेय. आलं ऐकू?" मी खाली ऐकले, वर ऐकले, श्वास धरून ऐकले. काहीही नव्हते. अण्णांचा चेहरा हिरव्या डोळ्याच्या उजेडात इतका जवळ आणि इतका उत्सुक होता, की मी मान हलवली. हो. आलं.

चार महिन्यांनी क्विटोचे रंगीत कार्ड आले. अण्णांच्या नोंदी केंद्राच्या नोंदवहीशी जुळल्या होत्या. "आपण दोघांनी ऐकलं," असे म्हणून त्यांनी ते कार्ड आल्या-गेल्याला दाखवले. मी प्रत्येक वेळी तिथून उठून आत जात असे.

पुढे मोठेपणी अटलांटिकपारचा पहिला बिनतारी संदेश ऐकल्याची मार्कोनीची हकीकत वाचली तेव्हा मला त्यातला मार्कोनी फारसा दिसलाच नाही, दिसला तो केम्प. १२ डिसेंबर १९०१, न्यूफाउंडलंडमधली सिग्नल हिल. बोचरा वारा, दीडशेएक मीटर उंच पतंगाला बांधलेली तार हीच एरियल, आणि सुमारे ३,४०० किलोमीटरवर इंग्लंडच्या टोकाला पोल्डू येथून ठरलेल्या वेळी पाठवले जाणारे एकच अक्षर, 'एस', म्हणजे तीन टिंबे. मार्कोनीने टेलिफोनचा कर्णा कानाशी धरला होता. त्याला टक-टक-टक असे काहीतरी ऐकू आले असे वाटले आणि त्याने तो कर्णा आपला मदतनीस जॉर्ज केम्प याच्या हाती देऊन त्याला ऐकू येते का ते विचारले. केम्पला ऐकू आले. दुसरा साक्षीदार नाही, कागदी फितीवर उमटलेली खूण नाही. जगाच्या इतिहासातली एक मोठी घटना एका नोकराच्या होकारावर उभी आहे. केम्प खोटे बोलला असे मी म्हणत नाही. मला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. पण मालकाचा उत्सुक चेहरा एवढ्या जवळ असताना "नाही" म्हणणे किती अवघड असते, हे मला शालीत गुंडाळलेला असतानाच कळले होते.

या घटनेबद्दल जाणकारांनी घेतलेल्या शंका भावनेच्या नाहीत, पदार्थविज्ञानाच्या आहेत. ती वेळ अशी होती की अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दिवस होता. त्या लांबीच्या लहरी दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात जिरून जातात. रात्री तो थर विरला की त्या दूरवर पोहोचतात. शिवाय तीन टिंबे हा संदेश फारच गरीब. आकाशात कुठे वीज चमकली तरी कर्ण्यात टक-टक होते. अण्णांच्या अहवालात निदान बाई होती, तिचे शब्द होते, मिनिटे होती. अनोळखी माणसाने ताडून पाहावे असे काहीतरी होते. मार्कोनीलाही ही उणीव बोचली असावी, कारण दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, तो फिलाडेल्फिया नावाच्या जहाजावर फितीचे यंत्र घेऊनच चढला. त्या प्रवासात रात्री सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत संदेश कागदावर उमटले आणि दिवसा मात्र ते ११०० किलोमीटरच्या आसपासच थांबले. या फितीने मार्कोनीची कीर्ती पक्की केली आणि सिग्नल हिलच्या त्या दुपारवर कायमचे प्रश्नचिन्हही ठेवले.

त्या काळी आलेला संदेश मोठा करण्याचे साधनच नव्हते, ही गोष्ट आपण सहज विसरतो. व्हॉल्व्ह यायचे होते. होते ते कोहिअरर, म्हणजे काचेच्या नळीत सैलसर भरलेला धातूचा कीस. दूरची लहर आली की कीस एकमेकांना चिकटून वीज वाहू देई. लहर स्वतः घंटा वाजवत नसे. ती फक्त कडी काढी आणि घंटा स्थानिक बॅटरी वाजवी. मग नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा, पुढची खूण ऐकण्यासाठी. १८९० साली फ्रान्समध्ये ब्रान्लीने हा कीस अभ्यासला, इंग्लंडमध्ये लॉजने त्याला टिचकी मारणारी यंत्रणा जोडली, आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. बोस यांना त्या टिचकीचा मनस्वी कंटाळा असावा. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पाऱ्याचा असा शोधक, म्हणजे लहर ओळखणारे साधन, मांडला, जो लहर ओसरल्यावर आपला आपण पूर्ववत होतो आणि ज्याला टेलिफोन जोडून कानाने ऐकता येते. सिग्नल हिलवरचा शोधकही पाऱ्याचाच होता. बोस मोठे की मार्कोनी, हा वाद आपल्याकडे क्रिकेटच्या थाटात चालतो. त्यात मला रस उरलेला नाही. मला भुरळ पडते ती त्या पाऱ्याच्या थेंबाची, जो ऐकून झाल्यावर लगेच विसरतो आणि पुन्हा ऐकायला मोकळा होतो.

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन आलो. जीएमआरटी ही तिथली महाकाय रेडिओ-दुर्बीण त्या दिवशी लोकांसाठी खुली असते. दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मांडव, द्राक्षाच्या बागा, शाळेच्या सहलींच्या बस, आणि त्यांच्यावर आभाळाकडे तोंड करून उभ्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या. मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होती. तबकड्या दुरून भरीव वाटतात, जवळ गेल्यावर त्यांच्यातून आभाळ दिसते, कारण त्या पत्र्याच्या नाहीतच. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांची जाळी दोरांसारख्या तारांवर ताणून बसवलेली आहे. ज्या लहरी पकडायच्या त्या वीतभरापासून दोन मीटरपर्यंत लांब, त्यांना बोटभर भोके दिसतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. ही युक्ती रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. त्याआधी १९६५ च्या सुमारास त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या आपल्या कल्याणला मांडून सूर्य ऐकला होता. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका आजोबांनी मार्गदर्शकाला विचारले, "यातनं ऐकू काय येतं?" तरुण मार्गदर्शक हसून म्हणाला, "बहुतेक वेळ खरखरच, आजोबा."

ती खरखर किती बारीक असते याचा हिशेब मी परतीच्या एसटीत तिकिटाच्या मागे मांडला. खगोलातले रेडिओ-स्रोत जान्स्की या एककात मोजतात. एक वॅटला एकावर सव्वीस शून्ये असलेल्या आकड्याने भागावे, तेवढी शक्ती दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. आणि एक जान्स्कीचा स्रोत हा काही फार अंधूक समजला जात नाही. एका तबकडीचे कामी येणारे क्षेत्रफळ हजारभर चौरस मीटर आणि ऐकण्याचा पट्टा दहा कोटी हर्ट्झचा धरला, तर १०० ग्रॅमचा पेरू एक मीटर वर उचलण्याइतकी ऊर्जा गोळा व्हायला तीन कोटी वर्षे लागतील. एवढ्या बारीक आवाजासमोर आपला मोबाइल म्हणजे कानाशी फुटणारा सुतळी बॉम्ब. म्हणूनच तो टापू शांत राखण्याची धडपड चालते. डीपीवरचा एखादा सैल जंपर ठिणग्या टाकू लागला तरी इथे हरकत होते. शेतकऱ्याला मोटार चालल्याशी मतलब, दुर्बिणीला मात्र ती ठिणगी आकाशगंगेपेक्षा प्रखर दिसते.

आणि शांतता राखूनही आकाशातला आवाज यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडालेलाच असतो. मग तो काढतात कसा? इथे मला अण्णांचे "त्याच्या खाली ऐक" आठवले. तबकड्या ३० आहेत. १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन बाहूंवर २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. प्रत्येकीची खरखर तिची स्वतःची, दुसरीशी न जुळणारी. आकाशातून आलेला आवाज मात्र सर्वांना सामाईक. दोन तबकड्यांचे संदेश एकमेकांनी गुणले आणि तासन्‌तास सरासरी काढत राहिले, की न जुळणारे ते अधिक-उणे होऊन झिजत जाते आणि जुळणारे ते साचत राहते. काळ चौपट दिला की उरलेली खरखर निम्मी होते. स्पंदकाच्या, म्हणजे ठरल्या ठेक्याने रेडिओ-ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या बाबतीत तर त्याचा ठेका ठाऊक असला की काम आणखी सोपे होते; हजारो ठोके एकावर एक घडी घालून ठेवले की एकट्याने न दिसणारा ठोका उठून दिसतो. काय येणार आहे त्याचा आकार ज्याला माहीत आहे, त्याला ते खरखरीखालीही सापडते. आणि तीच मोठी जोखीमही आहे, कारण आकार आधीपासून मनात असला की तो नसतानाही सापडतो.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री खोडदने जे ऐकले त्याची मला या सगळ्यात फार आठवण येते. युरोपचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा ट्रान्समीटर अगदी लहान, काही वॅटचा, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू जावे एवढ्याच बेताचा. खोडदला तो सुमारे १७.५ कोटी किलोमीटरवरून ऐकायचा होता. लहरीला यायलाच सुमारे पावणेदहा मिनिटे लागत होती. आणि तो ऐकू आला. ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास पडद्यावर एक बारीक रेघ उमटली. यान वातावरणात शिरून मंदावू लागले तशी डॉप्लर परिणामाने, म्हणजे वेग बदलला की लहरींची वारंवारताही बदललेली दिसते त्यामुळे, रेघ वळली. पॅराशूट उघडल्याचेही त्या रेघेने दाखवले. मग उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या जेमतेम मिनिटभर आधी रेघ संपली. उंचीच्या हिशेबातल्या चुकीमुळे यानाला आपण जमिनीवर पोहोचलो असे वाटले होते. पॅराशूट लवकर सुटले, रॉकेटे तीन सेकंद पेटून विझली आणि यान काही किलोमीटरवरून कोसळले. हे सर्व नंतर उलगडले. त्या रात्री त्या खोलीत बसलेल्यांना उतरल्याची खूण पाहण्याची केवढी इच्छा असेल. रेघ तिथे असती तर त्यांना हवीच होती. पण रेघ नव्हती, आणि ती नाही असेच त्यांनी नोंदवले.

परतीची एसटी चाकण पार करीपर्यंत माझ्या डोक्यात एक नको तो विचार पक्का झाला होता. अण्णांना खरेच ऐकू येते का? की कृषितज्ज्ञाचे वाक्य कुठे जाणार हे ठाऊक असल्याने "अर्धा तास" त्यांनी मनानेच भरले होते? बेणे अर्धा तास बुडवतात हे आमच्या भागात कोणीही सांगेल. आणि ज्या माणसाने चहापासून औषधापर्यंत सर्वाला "हो" म्हणायचे ठरवले आहे, त्याच्या होकाराला किती अर्थ असतो, हे मला इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते.

पुढच्या शनिवारी मी वाईला गेलो आणि करू नये ते केले. संध्याकाळी अण्णा चूळ भरायला मोरीत गेले असताना ट्रान्झिस्टरचे चाक फिरवून काटा ७९२ वरून बाजूला, जिथे कोणतेच केंद्र नाही अशा जागी नेला. कोन बदलला नाही. अण्णा परत आले, पंचाने तोंड पुसत खुर्चीत बसले आणि खिडकीकडे कान करून स्वस्थ झाले. खरखर चालू होती. आत आई देवासमोर बसली होती. एक मिनिट गेले, दोन गेली. अण्णांच्या चेहऱ्यावर ऐकणाऱ्याचे ते जुने भाव होते, डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित मुडपलेले. मला माझीच लाज वाटू लागली होती, तरी मी खुर्चीजवळ वाकलो आणि मोठ्याने विचारले, "अण्णा, काय चाललंय आज? ऐकू येतंय का?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. हात उचलून मला गप्प राहायची खूण केली, ट्रान्झिस्टर नखभर फिरवला, पुन्हा ऐकले, आणखी नखभर फिरवला.

"नाही," ते म्हणाले. "नुसती खरखर आहे. काटा हललाय, केंद्रावर आण बघू. आणि आधी देवघरातली ती माळ बंद कर."